क्लेम नाकारला? आधी ते पत्र नीट वाचा

२२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या पेठमापातल्या आमच्या घराच्या पायरीला लागलं, तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. दिवस वर आला तोवर ते उंबऱ्याच्या आत होतं आणि आम्ही दोघं शेजाऱ्यांच्या गच्चीवर. दुपारी कधीतरी मागीलदारची चिऱ्याची भिंत पडली. आवाज फार मोठा नव्हता, ओलं पोतं जमिनीवर टाकावं तेवढाच. 'आपली गेली,' एवढंच हे म्हणाले.

घराचा विमा होता. तीन महिन्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत, चार ओळी: तुमचं नुकसान जुन्या पाझरामुळे आणि घराच्या झिजेमुळे झालंय, शिवाय तुम्ही उशिरा कळवलंत, सबब दावा फेटाळला. अख्ख्या चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं होतं, आणि आमची भिंत म्हणे पाझराने पडली!

मी हायस्कूलात गणित शिकवत होते. पहिल्या दिवशी रडले, दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन बसले. पुढच्या पाच महिन्यांत जे शिकले त्याच्या जोरावर आता ओळखीतले, आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले, अशी पत्रं घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

पत्रात काय लिहिलंय, आणि काय नाही

बहुतेक जण येतात ते रागाची गोष्ट घेऊन. एजंट काय बोलला, हप्ते किती वर्षं भरले, शेजाऱ्याला कसे मिळाले. मी म्हणते, पत्र दाखवा. निम्म्या लोकांकडे पत्रच नसतं, फोनवर कुणीतरी 'होणार नाही' म्हणालेलं असतं. फोनवरचा नकार मानू नका. 'माझा दावा कोणत्या कारणाने, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी कळवा,' असा ईमेल टाका. लेखी कारण मागणं हा तुमचा हक्क आहे.

पत्र हातात आलं की आधी एक गोष्ट बघा. दावा 'नाकारला' आहे की कागद आले नाहीत म्हणून फाइल 'बंद' केली आहे? बंद फाइल उघडता येते. राहिलेले कागद पोचपावती घेऊन द्या आणि फाइल पुन्हा उघडायला सांगा. एका बाई माझ्याकडे डोळे पुसत आल्या होत्या. त्यांच्या पत्रात फक्त बँकेचा रद्द केलेला चेक मागितला होता.

खरोखर नाकारला असेल तर प्रत्येक कारणाखाली रेघ मारा आणि बाजूला आकडे घाला. माझ्या पत्रात दोनच कारणं होती. या आकड्यांना महत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या खटल्यात सांगितलं आहे की नकाराच्या पत्रात जे कारण दिलं नाही, ते विमा कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. म्हणजे आपल्याला त्या दोन कारणांचीच उत्तरं द्यायची. पूर किती भयंकर होता यावर दोन पानं लिहू नका. ते कुणी नाकारलेलंच नाही.

पूर्ण पॉलिसी मागवा

घरात जो दोन पानी कागद असतो तो नुसता तक्ता: नाव, पत्ता, रक्कम, हप्ता. खरी पॉलिसी म्हणजे तिच्या मागची वीसेक पानांची अटींची पुस्तिका, आणि ती अनेकांना कधी दिलेलीच नसते. गृहकर्जाबरोबर बँकेने विमा उतरवला असेल तर हमखास नाही. कंपनीला ईमेल करून ती मागवा. आणि खरंच कधी दिली नसेल तर तसं तक्रारीत लिहा. जी वगळणूक, म्हणजे भरपाई मिळणार नाही अशा गोष्टींची अट, ग्राहकाला कधी कळवलीच नाही तिच्या आड विमा कंपनीला लपता येत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत.

१ एप्रिल २०२१ पासून आगीच्या आणि नैसर्गिक आपत्तीच्या घरविम्यासाठी सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी द्यावी लागते. आमचं नूतनीकरण जूनमध्ये झालं होतं, म्हणून ती आम्हाला लागू. तिच्यात पूर, वादळ, भूकंप, दरड, वीज हे सगळं येतं. आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीसुद्धा येते. घराच्या इमारतीचा विमा उतरवला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. हे न कळल्यामुळे लोक सामानाचा दावाच करत नाहीत.

आणखी एक गोष्ट गणिताच्या बाईंची. जुन्या पॉलिस्यांमध्ये 'सरासरी'चं कलम असायचं. वीस लाखांच्या घराचा दहा लाखांचा विमा काढलात आणि चार लाखांचं नुकसान झालं, तर त्रैराशिक मांडून हातात दोनच लाख. भारत गृह रक्षामध्ये हे त्रैराशिक लावत नाहीत. तुमच्या पत्रात 'विमा कमी रकमेचा' म्हणून पैसे कापले असतील तर पॉलिसी कुठली आहे ते आधी पाहा.

वगळलेल्या गोष्टीही प्रामाणिकपणे वाचा. मी वाचल्या नव्हत्या, म्हणून दाव्यात स्कूटर घातली. वाहनं या पॉलिसीत येत नाहीत, त्यांचा विमा वेगळा. रोख रक्कम नाही, कागदपत्रं नाहीत, हस्तलिखितंही नाहीत. यांच्या वडिलांची जाखडी नाचाच्या गाण्यांची वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. तिचा दावा मी तसाही केला नसता, पण 'हस्तलिखितं' हा शब्द त्या यादीत पाहून हात थांबला खरा.

सर्व्हेअरचा अहवाल

नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला सर्व्हेअर आमच्याकडे आला तो वीस मिनिटांत गेला. त्याने काय लिहिलं ते नकार येईपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही तसं करू नका. अहवालाची प्रत लेखी मागा. कंपनी चार सरकारी विमा कंपन्यांपैकी असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावरही मागता येते, आणि अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अहवाल बघून घाबरायचं नाही. सर्व्हेअरचं म्हणणं हा शेवटचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच प्रदीप कुमार यांच्या खटल्यात सांगून ठेवलंय. मात्र त्याला खोडायला तुमच्याकडे तितकाच ठोस कागद हवा. नुसतं 'सर्व्हेअरने नीट पाहिलं नाही' म्हणून भागत नाही.

आमच्या अहवालात एक वाक्य होतं: भिंतीच्या तळाला सुमारे एक फुटापर्यंत जुनी ओल दिसते. आणि ते खरं होतं! कोकणात चिऱ्याच्या कुठल्या भिंतीच्या बुडाला ओल नसते? वीस पावसाळे ती ओल होती आणि भिंत उभी होती. पूर आला त्या दिवशी पडली. विम्याच्या कायद्यात नुकसानीचं नजीकचं, परिणामकारक कारण बघतात. हे मला नंतर कळलं, पण मुद्दा तोच होता.

म्हणून मी काय गोळा केलं ते सांगते. पाणी ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ राहिली होती. चिखल उपसायच्या आधी शाळेतली लाकडी मीटरपट्टी भिंतीला लावून मी फोटो काढले होते. काही हुशारीने नाही, सवयीने. रेघ जमिनीपासून ५ फूट ४ इंचांवर होती. दुसरा कागद तलाठ्याचा पंचनामा, त्यात 'पुरामुळे मागील भिंत कोसळली' असं स्पष्ट होतं. तिसरा एका सिव्हिल इंजिनिअरचा दाखला. त्याने भिंतीचा पाया उकरून दाखवला. नदीच्या अंगाची माती दोन फूट खोल धुपून गेली होती आणि चिऱ्यांच्या सांध्यांत वरपर्यंत पुराचा बारीक गाळ बसला होता. पाझराने ओल येते, गाळ येत नाही. त्याच्या दाखल्यातलं हे एक वाक्य पुढे सगळ्यांत कामाला आलं. चौथा पुरावा म्हणजे शेजाऱ्यांच्या त्याच रांगेतल्या पडलेल्या भिंतीचा फोटो. पाचवा म्हणजे वर्तमानपत्रांची कात्रणं. ती दिली, पण त्यांच्याकडे कुणी बघितलं असं वाटत नाही. पाऊसच वादात असेल तर हवामान खात्याकडून त्या तारखेची आकडेवारी घेता येते. आम्हाला गरज पडली नाही.

उशिराच्या कारणाचं उत्तर सोपं होतं. आम्ही ३० जुलैला कळवलं, म्हणजे आठव्या दिवशी. त्या दिवसांत वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, फोन पुरात भिजलेला. विमा नियामकाचं, म्हणजे आयआरडीएआयचं, २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक आहे की टाळता न येणाऱ्या कारणाने उशीर झाला तर केवळ उशिरावर खरा दावा फेटाळू नये. मी परिपत्रकाची तारीख लिहिली आणि वीज कधी आली ते लिहिलं. एवढंच.

कंपनीला पत्र

थेट वर तक्रार करता येत नाही. आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावं लागतं. त्याचा पत्ता आणि ईमेल पॉलिसीत किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. एजंटाला सांगणं म्हणजे तक्रार नव्हे, कॉल सेंटरला सांगणंही नव्हे. ईमेल करा आणि तीच प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. मी लिहिलेल्या पत्राचा गाभा असा होता:

'आपल्या दि. २८ ऑक्टोबर २०२१ च्या पत्रात दावा फेटाळण्याची दोन कारणे दिली आहेत. कारण १: जुना पाझर व झीज. उत्तर: भिंत २२ जुलै रोजी पुराच्या पाण्यात कोसळली. पंचनामा (जोडपत्र अ), पाण्याच्या पातळीचे छायाचित्र (ब) व अभियंत्याचा दाखला (क) पाहावा. तळाची एक फुटापर्यंतची ओल आम्ही नाकारत नाही. ती भिंत कोसळण्याचे कारण नाही. कारण २: विलंब. उत्तर: २२ ते २९ जुलै वीज व दूरध्वनी बंद होते. आयआरडीएआयचे दि. २०/०९/२०११ चे परिपत्रक पाहावे. तरी दाव्याचा फेरविचार करून रु. ३,८४,००० मंजूर करावेत व निर्णय लेखी कळवावा.'

पान एकच. शिव्या नाहीत, 'आम्ही गरीब माणसं' नाही, वकिलाची धमकी नाही. यांनी शेवटी 'न्याय द्यावा ही नम्र विनंती' घालायला लावलं. मी खोडलं.

'ओल नाकारत नाही' हे वाक्य घालू नकोस असं घरातले सगळे म्हणत होते. मी घातलं. जे फोटोत दिसतंय ते नाकारलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. त्याच वेळी आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ वर फोन करा. तिथे कुणी निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडेच जाते. पण क्रमांक मिळतो, आणि क्रमांक पडला की कंपनीतली फाइल हलते. आमची हलली, उत्तर मात्र तेच आलं: आम्ही आमच्या निर्णयावर ठाम आहोत.

विमा लोकपाल

विम्याच्या तक्रारी ऐकून निवाडा देणारा हा अधिकारी. ही खरी जागा, आणि चिपळुणात विचारलं तर दहातल्या नवांना ती माहीत नसते. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की विमा लोकपालाकडे जाता येतं. फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. फी शून्य. वकील चालत नाही, तुम्ही स्वतःच बोलायचं. आमच्या वेळी ३० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालत, नोव्हेंबर २०२३ पासून मर्यादा ५० लाख आहे. एकच खबरदारी घ्या. त्याच विषयावर कोर्टात किंवा ग्राहक आयोगात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून आधी केस ठोकू नका.

तुम्ही राहता त्या भागाचं कार्यालय कुठलं ते विमा लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतं, तक्रारही तिथूनच ऑनलाइन करता येते. आमचं कार्यालय पुण्याचं, नारायण पेठेतलं. डिसेंबरात अर्ज केला. त्यांनी एक संमतीपत्र आणि कागदांची यादी पाठवली. फेब्रुवारीत सुनावणी झाली ती व्हिडिओवर. मी शेजारच्या मुलाचा लॅपटॉप घेऊन आमच्या पडवीतच बसले होते, मागे अजून भिंत नव्हती, निळी ताडपत्री होती.

लोकपालांनी पहिलाच प्रश्न विचारला तो 'पाणी किती वाजता उंबऱ्यावर आलं?' दुसरा, 'भिंत आतल्या बाजूला पडली की बाहेर?' मला वाटलं होतं कायद्याचं काही विचारतील. कंपनीच्या प्रतिनिधीने ओलीचा फोटो दाखवला. मी म्हटलं, 'साहेब, ओल एक फूट, पाणी पाच फूट चार इंच.' मग इंजिनिअरच्या दाखल्यातलं गाळाचं वाक्य वाचून दाखवलं. पंधरा मिनिटांत सुनावणी संपली. तुमची असेल तर तारखांचा एक कागद समोर ठेवा: घटना कधी, कळवलं कधी, सर्व्हे कधी, नकार कधी. तारीख अडखळत सांगितली की माणूस खरं बोलत असूनही खोटा वाटतो.

लोकपाल आधी समेट होतो का ते बघतात. नाही झाला तर सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देतात. तो निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. तुमच्यावर मात्र तो बंधनकारक नाही. पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, राहत्या जिल्ह्यात करता येते, आता ई-जागृती पोर्टलवरूनही होते. भरलेली रक्कम, म्हणजे विम्याचा हप्ता, पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि घराच्या विम्याचा हप्ता कुणाचा पाच लाख असतो! तिथे तारखा पडत राहतात, तेवढी तयारी ठेवा.

आम्हाला मार्चमध्ये निवाडा मिळाला. इमारतीचे मागितले होते २,४६,०००, मिळाले २,१८,०००. सामानाचे १,०३,००० मागितले, ७१,००० मिळाले, कारण फ्रिज आणि शिवणयंत्र यांच्या पावत्या नव्हत्या आणि पुराआधीचे फोटोही नव्हते. स्कूटरचे ३५,००० शून्य. एकूण २,८९,०००. आम्ही मान्य केले.

पैसे देण्याआधी कंपनी एक व्हाउचर सहीला पाठवते, त्यात 'संपूर्ण व अंतिम' असं छापलेलं असतं. लोकपालाचा निवाडा पटला असेल तर सही करा. पण कंपनी स्वतःहून अर्धवट रक्कम देत असेल तर गडबड नको. 'हरकत राखून स्वीकारत आहे' असं हाताने लिहून सही करा आणि फोटो काढून ठेवा. अशी सही केली म्हणून उरलेल्या रकमेसाठी दाद मागायचा हक्क जात नाही, असं आयआरडीएआयने २४ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. पैशांची निकड असते, घरावर छप्पर नसतं, आणि ते व्हाउचर नेमकं तेव्हाच येतं.

जून २०२४ पासून नियम आणखी कडक झालेत: दावा कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, पंधरा दिवसांत अहवाल, त्यानंतर सात दिवसांत निर्णय. तुमच्या तारखा याच्यापुढे गेल्या असतील तर तेही तक्रारीत लिहा.

नवी भिंत एप्रिलमध्ये उभी राहिली, या खेपेला पाणी निघून जायला बुडाशी भोकं ठेवून. गवंडी आतून गिलावा करायला आला तेव्हा माजघरातली गाळाची रेघ बुजवू का म्हणून विचारत होता. मी तिथे ऑइल पेंटने बारीक पट्टी मारून घेतली आणि तारीख घातली. आता दर वर्षी नूतनीकरणाच्या आधी फ्रिजपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक वस्तूचा फोटो त्या पट्टीखाली उभं राहून हे काढतात, आणि मी पावत्या फोनवर मुलीला पाठवते. ती ठाण्याला तिसऱ्या मजल्यावर राहते.